सिम्युलेशन पास, एफपीजीएवर चालतंय, पण टाइलमध्ये बसत नाही आणि होल्ड फेल : स्काय१३०

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. कॉलेज प्रोजेक्टसाठी चार चॅनेलचा पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून एलईडीची चमक ठरवणारा) कंट्रोलर व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिहिलाय. एसपीआय या सिरीयल जोडणीवरून किंमती येतात. प्रत्येक चॅनेलला ८ बिटांचं ड्यूटी रजिस्टर (चक्राचा किती भाग पल्स चालू) आणि त्याच्या मागे ८ बिटांचं सावली रजिस्टर आहे, म्हणजे चक्राच्या मध्येच ड्यूटी बदलत नाही. शिवाय ८ बिटांचा काउंटर, ८ बिटांचा प्रीस्केलर आणि ६४ बाइटचं पॅटर्न टेबल. क्लॉक ५० मेगाहर्ट्झ. कोडपासून लेआउट करणारी ओपनलेन टूल्स, स्काय१३० ही १३० नॅनोमीटरची चिप प्रक्रिया, तिची हाय डेन्सिटी सेल लायब्ररी. जागा टायनी टेपआउटची (अनेकांची छोटी डिझाइनं एकाच चिपवर छापणारा उपक्रम) एक टाइल, साधारण १६० बाय १०० मायक्रॉन.

अडचणी तीन आहेत.
एक, सेलचं क्षेत्रफळ टाइलच्या दीडपट भरतंय, प्लेसमेंट सुरूच होत नाही.
दोन, टेबल काढून टाकलं की फ्लो शेवटपर्यंत जातो, पण फास्ट कॉर्नरला (चिप सगळ्यात वेगवान धरून केलेली तपासणी) होल्ड, म्हणजे क्लॉकच्या कडेनंतर डेटा थोडा वेळ न बदलता राहणं, ०.०३ नॅनोसेकंदांनी फेल. क्लॉक १० मेगाहर्ट्झ केला तरी आकडा जागचा हलत नाही.
तीन, आरटीएल (लिहिलेल्या कोडचं) सिम्युलेशन स्वच्छ, एफपीजीए (हवं तसं लॉजिक भरता येणारी तयार चिप) बोर्डवर एलईडी झकास चालतात, पण गेट लेव्हल सिम्युलेशनमध्ये (कोडचे गेट झाल्यावरच्या) सगळीकडे एक्स, म्हणजे किंमत अज्ञात.

सबमिशनला वेळ आहे. कुठून सुरुवात करू?

घणसोली_नँड
पहिल्या अडचणीचं मी बघतो. टूलला दोष देण्याआधी कागदावर बेरीज करा. या लायब्ररीत सेलची उंची २.७२ मायक्रॉन ठरलेली असते, रुंदी ०.४६ मायक्रॉनच्या पटीत. साधा डी-फ्लॉप (क्लॉकच्या कडेला एक बिट साठवणारा सेल) २०.०२ चौरस मायक्रॉन, रिसेटवाला २५.०२, दोन इनपुटचा मक्स (अनेकांतून एक निवडणारा) ११.२६, चार इनपुटचा २२.५२, सगळ्यात छोटा नँड गेट ३.७५. म्हणजे एका फ्लॉपच्या जागेत पाच नँड. चिपवर लॉजिक स्वस्त असतं, आठवण (मेमरी) महाग.

६४ बाइट म्हणजे ५१२ फ्लॉप. नुसते तेच १०,२५० चौरस मायक्रॉन. प्रत्येकाला "लिहायचं नसेल तर जुनंच धरून ठेव" म्हणणारा मक्स लागतो, ते ५,७६५. वाचायला ६४ पैकी १ बाइट निवडायची, त्यासाठी बिटामागे २१ चार-इनपुटचे मक्स, आठ बिटांचे १६८, म्हणजे ३,७८३. बेरीज १९,८०० च्या आसपास, आणि अख्खी टाइल १६,०००! बाकीचं डिझाइन सुमारे ४,६०० धरलं तर तुमचं दीडपट बरोबर जुळतं.

एफपीजीएवर हे जाणवत नाही, कारण तिथे टूल हे टेबल तयार मेमरी ब्लॉकमध्ये किंवा एलयूटीच्या (लॉजिकच्या छोट्या तक्त्यांच्या) रॅममध्ये नेऊन टाकतं. इथे तसं आयतं काही नसतं. रॅम मॅक्रो (मेमरीचा तयार ठोकळा) वेगळा आणावा लागतो आणि तो एका टाइलच्या आवाक्यातला नाही.

आता उपाय. पॅटर्न कायमचे ठरलेले असतील तर टेबल केस स्टेटमेंटमध्ये लिहा. मग ते रॉम होतं, एकही फ्लॉप लागत नाही, सिंथेसिस त्याचे शे-दोनशे गेट करून टाकतं. पॅटर्न बदलायचेच असतील तर ६४ बाइट खरंच हव्यात का, हे स्वतःला विचारा. १६ बाइट, आणि फ्लॉपऐवजी लॅच (एनेबल चालू असेपर्यंत उघडा राहणारा साठवणीचा सेल) : १२८ लॅच गुणिले १५.०१, म्हणजे १,९२२. वाचायचे मक्स ४०, म्हणजे ९०१. बाकीचं धरून ७,४०० च्या घरात. टाइलच्या ४६ टक्के. आरामात बसेल.

कोपरखैरणे_नवशिका
नँडदादा, आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलंय की लॅच आला म्हणजे कोड चुकला. तुम्ही तर लॅच वापरायला सांगताय?

घणसोली_नँड
फळ्यावरचं चूक नाही, अर्धं आहे. न मागता आलेला लॅच वाईट. कॉम्बिनेशनल ऑलवेज ब्लॉकमध्ये एखाद्या केसला किंमतच दिली नाही की योसिस हे सिंथेसिस टूल मुकाट लॅच बसवतं आणि लॉगमध्ये "लॅच इन्फर्ड" अशी एक ओळ टाकून पुढे जातं. ती ओळ शोधायची सवय लावा. ब्लॉकच्या पहिल्याच ओळीत डीफॉल्ट किंमत दिली की प्रश्न मिटतो.

मुद्दाम घेतलेल्या लॅचला मात्र पथ्य आहे. तो उघडा असेपर्यंत डेटा हलता कामा नये आणि त्याच्या एनेबलवर ग्लिच (क्षणिक चुकीचा झटका) येता कामा नये. म्हणून पत्ता डीकोड करून थेट एनेबलला जोडू नका. प्रत्येक बाइटला लायब्ररीतला क्लॉक गेटिंग सेल (क्लॉक हवा तेव्हाच पुढे सोडणारा) घ्या, आणि डेटा आधी एका रजिस्टरमध्ये स्थिर करून पुढच्या चक्रात लिहा. आणि हो, लॅच मेमरीला रिसेट नसतो. सुरुवातीला आत कचरा असणार हे गृहीत धरून चाला.

वागळे_टेस्टबेंच
एक्सचं दुखणं इनिशियल ब्लॉकचं वाटतंय. प्रीस्केलरला किंवा एसपीआयच्या बिट काउंटरला "इनिशियल शून्य" दिलंय आणि रिसेट दिला नाही, असं असणार. एफपीजीएत बिटस्ट्रीम लोड होताना ती किंमत खरोखर फ्लॉपमध्ये भरली जाते. सिलिकॉनवर ती भरणारं कोणी नसतं. वीज आली की फ्लॉप ० होईल किंवा १, त्याच्या मर्जीने. आरटीएल सिम्युलेशन मात्र इनिशियल प्रामाणिकपणे पाळतं, त्यामुळे तिथे कळतच नाही.

यातला एक बारकावा. दर टिकला उलटणारा फ्लॉप सिम्युलेशनमध्ये कायम एक्स राहतो, कारण एक्सचा उलट एक्सच. खऱ्या चिपवर तो कुठूनही सुरू झाला तरी उलटत राहीलच. म्हणजे तिथला एक्स थोडा जास्त घाबरवतो. पण बिट काउंटरचं तसं नाही. तो ० ऐवजी ५ वरून सुरू झाला तर पहिली फ्रेम पाच बिटांनी सरकते, आणि चिप सिलेक्टने तो पुन्हा शून्यावर येत नसेल तर पुढच्या सगळ्या फ्रेमा सरकलेल्याच. तेव्हा एक्सला खोटा म्हणून टेस्टबेंचमध्ये (तपासणीच्या कोडमध्ये) फोर्स करून गप्प बसवू नका. कंट्रोलचे सगळे फ्लॉप रिसेटवर घ्या.

रिसेट लागू होताना असिंक्रोनस चालेल, पण सोडताना दोन फ्लॉपमधून क्लॉकशी जुळवून सोडा. नाहीतर काही फ्लॉप या चक्रात जागे होतात, काही पुढच्या.

आणि एक अगदीच फालतू कारण आधी तपासा. पॉवर पिनवाली नेटलिस्ट (गेटांच्या जोडण्यांची यादी) घेतली असेल तर टेस्टबेंचमधून व्हीपीडब्ल्यूआर या वीज पिनला १ आणि व्हीजीएनडी या ग्राउंड पिनला ० दिलाय ना? तो विसरला की सगळं जग एक्स.

खारघर_स्लॅक
होल्डसाठी रिपोर्टमधला तो एकच पाथ इथे टाका. सुरुवातीचा फ्लॉप, शेवटचा फ्लॉप, दोन्हीकडे पोचणाऱ्या क्लॉकचा उशीर. बाकी काही नको.

ऐरोली_सेक्टर८
ताई, सुरुवात ड्यूटी रजिस्टर, शेवट सावली रजिस्टर. डेटाकडून : क्लॉक ते क्यू (फ्लॉपच्या आउटपुटपर्यंत) ०.३०, मक्स ०.१५, तार ०.०२. सावलीकडे क्लॉक ०.५५ ने उशिरा पोचतो. होल्ड टाइम उणे ०.०५ दाखवतोय. सावलीला मुख्य क्लॉक नाही, प्रीस्केलरमधून निघालेला क्लॉक दिलाय. एसडीसीत (टायमिंगच्या अटींच्या फाइलमध्ये) त्याला जनरेटेड क्लॉक म्हणून सांगितलंय.

खारघर_स्लॅक
मिळालं. डेटा ०.४७ ला पोचतो. त्याने निदान ०.५५ वजा ०.०५, म्हणजे ०.५० पर्यंत थांबायला हवं होतं. ०.०३ कमी. या हिशेबात क्लॉकचा पिरियड कुठेच येत नाही, म्हणून १० मेगाहर्ट्झ करून उपयोग झाला नाही. १ हर्ट्झ करा, तरी तोच आकडा. सेटअप (डेटा क्लॉकच्या कडेआधी पोचणं) फेल झालेली चिप सावकाश चालवून डेमो तरी देता येतो. होल्ड फेल झालेली चिप बहुतेक पेपरवेट. व्होल्टेज खाली-वर करून एखादी वाचते, पण त्यावर प्रोजेक्ट उभा करू नका.

चूक तुमच्या लिहिण्यात आहे, टूलमध्ये नाही. भागलेला सिग्नल क्लॉक पिनला द्यायचा नसतो. तो भागणाऱ्या फ्लॉपमधून निघतो, तिथेच क्लॉक ते क्यूचा उशीर खातो, मग त्याच्या स्वतःच्या बफरांच्या झाडातून जातो. ०.५५ तिथून आले. सगळ्या फ्लॉपना एकच ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक द्या आणि प्रीस्केलरमधून एक चक्र रुंदीची "टिक" काढून ती एनेबल म्हणून वापरा. काम तेच होतं, क्लॉक ट्री एकच राहतं, स्क्यू (क्लॉक पोचण्याच्या वेळेतला फरक) उतरतो.

एका गोष्टीचं कौतुक : जनरेटेड क्लॉक तुम्ही जाहीर केला होता. केला नसता तर टायमिंग टूलने त्या फ्लॉपना क्लॉकच नाही असं समजून तपासणीच सोडून दिली असती. रिपोर्टमध्ये उल्लंघनं शून्य, आणि चिप मेलेली. म्हणून "अनकन्स्ट्रेन्ड एंडपॉइंट" (टायमिंगची अट नसलेली टोकं) किती आहेत तो आकडा उल्लंघनांच्याही आधी बघायचा.

कोपरखैरणे_नवशिका
सेटअप समजतो. होल्ड डोक्यात शिरत नाही. सोपं करून कोणी सांगेल का?

रबाळे_मेटल५
बेलापूर-पेंधर मेट्रो घ्या, आपल्या साध्या लोकलला दारंच बंद होत नाहीत. दार बंद व्हायच्या आधी फलाटावर हजर असणं म्हणजे सेटअप. उशीर झाला तर गाड्यांमधलं अंतर वाढवा, माणूस पोचेल. आता दार बंद होतंय, तेवढ्यात पुढच्या गाडीचा लोंढा जिन्यावरून धावत येऊन याच गाडीत घुसला. हा होल्ड. दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटं ठेवा नाहीतर वीस, या घुसण्याला फरक पडत नाही. उपाय दोनच. दार वेळेवर लावा, म्हणजे स्क्यू कमी करा. नाहीतर जिना लांब करा.

खारघर_स्लॅक
जिना लांब करायचा सेल या लायब्ररीत आहे, डिले गेट. एकाने साधारण अर्धा नॅनोसेकंद मिळतो. ओपनलेन ते स्वतःच टाकतं. पण क्लॉक ट्रीनंतर तारांचा अंदाज धरून टाकतं, आणि खरं राउटिंग झाल्यावर पाच-दहा पिकोसेकंद इकडचे तिकडे होतात. म्हणून होल्ड स्लॅक (शिल्लक वेळ) मार्जिन ०.१ नॅनोसेकंद तरी ठेवा. भरमसाट ठेवलंत तर टाइल डिले गेटांनीच भरेल.

रबाळे_मेटल५
राउटिंगवर आलोच आहोत तर अँटेनाचं बोलू, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. रेडिओशी संबंध नाही. मेटलचा थर प्लाझ्माने कोरताना लांब तारेवर विद्युतभार साचतो. तार दुसऱ्या टोकाला एखाद्या फ्लॉपच्या आउटपुटला आधीच जोडलेली असेल तर भार तिथून जमिनीत उतरतो. पण ते टोक वरच्या थरातून जोडायचं असेल, आणि वरचा थर अजून तयारच झाला नसेल, तर तेवढा वेळ ती तार फक्त ट्रान्झिस्टरच्या गेटला चिकटलेली असते. गेटखालचं ऑक्साइड जेमतेम ४ नॅनोमीटर. ते भाजतं. चिप पॅकेजमध्ये जायच्या आधीच गेलेली.

दुरुस्ती : गेटच्या जवळ तार तोडून एक उडी वरच्या थरात, म्हणजे गेटला चिकटलेला तुकडा आखूड राहतो. किंवा गेटपाशी अँटेना डायोड. डायोड पटकन बसतो, पण जागा आणि कपॅसिटन्स दोन्ही खातो. टाइल ८० टक्के भरलेली असेल तर उडीलाही वाट मिळत नाही आणि डायोडलाही जागा. म्हणून ६० टक्क्यांच्या आसपास थांबावं असं सांगतात. रिकाम्या जागेत शेवटी फिलर (रिकामे सेल) आणि डीकॅप (सप्लाय स्थिर ठेवणारे कपॅसिटर) बसतातच, ती वाया जात नाही.

आणि कोणी हाताने लेआउट काढत असेल तर लोकल इंटरकनेक्टच्या मोहात पडू नका. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर, रेझिस्टन्स चौकोनामागे १२.८ ओहम. मेटल १ ला तोच ०.१२५. शंभर मायक्रॉन लांब तार किमान रुंदीने काढली तर मेटल १ वर ९० ओहमच्या आत, आणि लोकल इंटरकनेक्टवर साडेसात किलो-ओहम. सेलच्या आतल्या जोडण्यांपुरताच तो थर.

ठाणे_पूर्व_हिशेबी
मधेच विचारतो, राग नसावा. चार पीडब्ल्यूएम तर कुठलाही साधा मायक्रोकंट्रोलर देतो. मग एवढा खटाटोप कशाला?

घणसोली_नँड
चार पीडब्ल्यूएमसाठी कोणीच करू नये. इथे उत्पादन पीडब्ल्यूएम नाही, टायमिंग रिपोर्ट वाचता येणारा माणूस आहे. महापे-ऐरोलीतल्या मुलाखतीत "होल्ड क्लॉकवर अवलंबून आहे का" हा प्रश्न हमखास असतो.

ठाणे_पूर्व_हिशेबी
पटलं. मग हे छापतं कोण? इथे तर फॅब (चिप बनवणारा कारखाना) नाही.

वागळे_टेस्टबेंच
डिझाइन लॅपटॉपवर होतं, फॅब जवळ असायची गरज नाही. स्काय१३० ही अमेरिकेतल्या स्कायवॉटरची प्रक्रिया. गूगलबरोबर त्यांनी २०२० मध्ये तिचं पीडीके (डिझाइनला लागणारा माहितीचा संच) खुलं केलं आणि गोपनीयतेचा करार न करता ट्रान्झिस्टरची मॉडेलं, नियम, सेल सगळ्यांना मिळाले. ज्या ईफॅबलेसमार्फत या शटल (अनेकांची डिझाइनं एकत्र छापणाऱ्या फेऱ्या) जायच्या ती कंपनी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. म्हणून सबमिशनच्या आधी चालू शटल कोणत्या प्रक्रियेवर आहे ते नक्की बघा. जर्मनीतल्या आयएचपीची १३० नॅनोमीटर किंवा ग्लोबलफाउंड्रीजची १८० नॅनोमीटर, दोन्हींची पीडीके खुली आहेत. आरटीएल तेच चालतं, पण वरचे चौरस मायक्रॉनचे सगळे आकडे बदलतात. नावानिशी घेतलेले सेल, म्हणजे तुमचे क्लॉक गेट आणि लॅच, तेही बदलतात. म्हणून असे सेल एका वेगळ्या फाइलमध्ये आवरणात ठेवा.

आपल्याकडे मोहालीच्या एससीएलमध्ये (सेमीकंडक्टर लॅबोरेटरी) १८० नॅनोमीटरची लाइन आहे. पवईच्या आयआयटीचा अजित प्रोसेसर आणि मद्रास आयआयटीच्या शक्ती प्रोसेसरची एक आवृत्ती तिथेच बनली. पण तो रस्ता संस्थांमार्फत जातो, एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे.

खारघर_स्लॅक
एसपीआयचं कोणी विचारलं नाही, म्हणून मीच विचारते. एसपीआयचा क्लॉक कसा घेतलाय?

ऐरोली_सेक्टर८
तिन्ही सिग्नल दोन-दोन फ्लॉपमधून आत घेतो आणि क्लॉकची कड ५० मेगाहर्ट्झवर ओळखतो.

खारघर_स्लॅक
बरोबर. मग एसपीआयचा वेग सिस्टम क्लॉकच्या एक अष्टमांशाच्या आत ठेवा, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ. एक चतुर्थांशापर्यंत कागदावर जमतं, पण दोन फ्लॉपचा उशीर, कड ओळखायचं एक चक्र आणि पॅडचा उशीर धरला की मार्जिन संपतं. १६ बिटांचा समांतर शब्द मात्र बिटाबिटाने सिंक्रोनाइझ करू नका. एक बिट या चक्रात पोचेल, दुसरा पुढच्या, आणि मधल्या क्षणी कोणीच न पाठवलेला आकडा दिसेल. आधी शिफ्ट रजिस्टर पूर्ण भरू द्या, मग सगळा शब्द एकदम उचला.

तुर्भे_सोल्डर
चिप हातात आल्यावरचं लिहून ठेवतो, नंतर धावपळ होते. सप्लायला करंट लिमिट लावा, रिसेट दाबून धरा आणि क्लॉक न देता आधी करंट बघा. मायक्रोअँपऐवजी दहा-वीस मिलिअँप दिसले तर लॉजिकमागे लागू नका, आधी बोर्ड तपासा. इनपुट-आउटपुट ३.३ व्होल्ट, गाभा १.८ व्होल्ट. पाच व्होल्टचा आर्डुइनो थेट जोडू नका. प्रत्येक सप्लाय पिनपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, वीतभर लांब नव्हे, पिनला खेटून.

मग क्लॉक १ किलोहर्ट्झ. इथे चाललं आणि वर नेताना ठरावीक वेगाला अडलं तर सेटअप. व्होल्टेज किंचित वाढवल्यावर तो वेग पुढे सरकतो, हीच खूण. १ किलोहर्ट्झलाही चुकीचंच येत असेल तर होल्ड, रिसेट किंवा मूळ लॉजिक. वेग आडवा, व्होल्टेज उभा असा तक्ता करून चाललं-नाही चाललं भरत गेलात की कारण अर्धं तिथेच दिसतं.

आपल्याकडे हवा दमट, स्टॅटिक होत नाही, या भ्रमात राहू नका. लॅबमध्ये दिवसभर एसी असतो. मनगटाला पट्टा बांधा.

ऐरोली_सेक्टर८
सगळ्यांचे आभार. बदल करून पुन्हा चालवलं. टेबल १६ बाइट, लॅचचं. क्लॉक एकच, प्रीस्केलरची टिक एनेबलला. क्षेत्रफळ ५१ टक्के. फास्ट कॉर्नरला होल्ड स्लॅक अधिक ०.११, स्लो कॉर्नरला सेटअप स्लॅक अधिक ६.४. डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) आणि एलव्हीएस (लेआउट सर्किटशी जुळतो का) स्वच्छ, अनकन्स्ट्रेन्ड एंडपॉइंट शून्य. गेट लेव्हलमध्ये फक्त लॅच मेमरी लिहीपर्यंत एक्स, तो अपेक्षित. एकच उरलंय : रिसेटच्या नेटवर मॅक्स स्ल्यूची (सिग्नल बदलायला लागणाऱ्या वेळेची मर्यादा) तीन उल्लंघनं.

घणसोली_नँड
५१ म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा पाच टक्के जास्त. क्लॉक गेट, क्लॉक ट्री आणि डिले गेट मी धरलेच नव्हते.

खारघर_स्लॅक
होल्ड स्लो कॉर्नरलाही बघा, १.६० व्होल्ट, १०० अंश. तिथे डेटा मंद होतो तसा क्लॉकचा स्क्यूही वाढतो, त्यामुळे एखादा पाथ फास्टला पास आणि स्लोला फेल असं होऊ शकतं.

वागळे_टेस्टबेंच
रिसेटवर तुमचे १०६ फ्लॉप लटकलेत. एसपीआयच्या १६ बिटांच्या शिफ्ट रजिस्टरला रिसेट लागतच नाही, बिट काउंटर शून्यावर असला की आतला कचरा कोणी वाचत नाही. तो काढा. नेटवरचे १६ भार जातील आणि वर ८० चौरस मायक्रॉन वाचतील. तरी उरलं तर रिसेटच्या दुसऱ्या फ्लॉपनंतरचा बफर मोठा घ्या.